दादा कोणाला म्हणतात

१२ जून १९५८
मॅट्रिक पास! दादाने स्टेशनवर भेटेल त्याला पेढा दिला. बाबा गेल्यावर त्याने शाळा सोडली, शेठच्या गवताच्या वखारीत लागला, म्हणून मी शिकले. आता डहाणूच्या बाजारातले लोकही त्याला दादाच म्हणतात. पांढऱ्या मिशांचे टांगेवाले त्याला बघून उठून उभे राहतात. आईला म्हटलं, "आपला दादा सगळ्यांचा दादा झाला." आई डाळ निवडत राहिली.

३ ऑगस्ट १९६१
तलासरीजवळच्या झरीच्या शाळेत नेमणूक झाली, तिथेच राहायचं. दादाला आवडलं नाही. "झरी कशाला? मी शाळाखात्यातल्या साहेबांना सांगून बदलून घेतो." मी नको म्हटलं. किती काळजी करतो.

१६ ऑक्टोबर
वर्ग रिकामा. शाळेत पाणी भरणारी बारकी म्हणाली, "बाय, पोरां रानात लपलीत. दादा आलाय."
"कोणाचा दादा?"
ती माझ्याकडे बघतच राहिली. "दादा म्हंजे दादा. गवत कापाय नाय गेला का मारतो."
हेडमास्तर सावे हसले. "कुठल्या काळात आहात बाई? मुंबईत आता गुंडाला दादा म्हणतात. त्याच्या वागण्याला दादागिरी. ते लोण इथवर आलंय."
दादागिरी. हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. इतक्या मायेचं नाव कोणी गुंडाला कसं देतं? घरी गेल्यावर दादाला सांगायला हवं.

२४ नोव्हेंबर
शाळेमागच्या माळावर शेठची जीप उभी होती. बारकीचा नवरा लडक्या जमिनीवर पडलेला. एकजण त्याला काठीने मारत होता, माझ्याकडे पाठ करून. अंगात निळा सदरा — या दिवाळीत मीच शिवलेला. बारकी हात जोडून म्हणत होती, "दादा, नको. दादा, सोड त्याला."
मीही हाक मारली, "दादा."
तो वळला. मला पाहून काठी खाली केली, टाकली नाही. "उन्हात उभी राहू नको. वर्गात जा." लहानपणी सांगायचा तसंच, शांतपणे.
मी गेले नाही. मग तो जीपमध्ये बसून निघून गेला. लडक्याच्या कानातून रक्त येत होतं.

२६ नोव्हेंबर, रविवार
डहाणूला आले. आईला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"
"वखारीत लागल्यावर पहिल्यांदा त्याचा सदरा धुतला तेव्हा. रक्त होतं. त्याचं नव्हतं."
इतकी वर्षं! आणि मी लोकांचा मान बघून फुलत होते.
तेवढ्यात तो आला. म्हणाला, "ही माणसं अशीच कामाला लागतात. तू कशावर शिकलीस, सांग." मी ताटावरून उठले. त्याला नुसतं 'वासुदेव' अशी हाक मारायची होती, जीभ वळली नाही.

३० नोव्हेंबर
लडक्या गेला.
मारताना पाहणारे पुष्कळ होते, जबानी द्यायला कोणी तयार नाही. सावे म्हणाले, "बाई, रजा घ्या थोडे दिवस." बारकी तलासरीच्या चौकीबाहेर बसून आहे. तिचं कोणी लिहून घेत नाही. उद्या जबानी द्यायला जाणार, असा एसटीच्या कंडक्टरबरोबर आईला निरोप धाडला. तिला कळायला तर हवं.

१ डिसेंबर
चौकीवर पोचले तर आई आधीच येऊन बारकीशेजारी बसलेली. माझ्यामागून आत आली. मी पाहिलेलं सगळं सांगितलं. फौजदारांनी विचारलं, "मारणाऱ्याचं नाव?" माझ्या तोंडून आलं, "दादा."
आई म्हणाली, "लिहा. वासुदेव. माझा मुलगा."