समुद्राकाठी न वाळणारा रंग

ताई,
इथूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे. हिवाळा सरायचाय अजून, तरी इथे लोक नुसत्या शर्टावर फिरतात. पण समुद्राच्या दमट हवेत रंग काही लवकर वाळत नाही. आपल्याकडच्या सवयीने मी सकाळी पहिला हात दिला, दुपारी त्यावरच दुसरा मारला, आणि हॉटेलच्या अख्ख्या भिंतीला फोड आले. आता सगळं खरवडून पुन्हा करायचं. म्हणजे यायला उशीर. मुकादम डोकं खातोय ते वेगळंच.

आईचा खोकला कसा आहे? तिला सांग, तिने विणलेला स्वेटर अंगात आहे. थाप नाही, इतके दिवस पिशवीत होता, कालपासून खरंच घातलाय. अंग जरा कसकसतंय.

एवढं शेवटचं तिला वाचून दाखवू नकोस.

तुझा रंगाने माखलेला,
धाकटा