ओनोफ्रेचं दुकान

१८ मे २०११

प्रिय सिनांग,

तुला, तुझ्या नवऱ्याला आणि माझं नाव धड उच्चारता न येणाऱ्या तुझ्या नातवंडांना माझे आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघे सोडले तर.

तुझं खोकं पोचलं. साबण, चॉकलेटं, डब्यातलं बीफ, सगळं शाबूत आहे. साबणांपैकी एक चुलतबहिणीनं माझ्यासमोर उचलला आणि दुसरा माझ्यामागे. तो जाड कोटही मिळाला. त्याबद्दल नंतर लिहिते.

शेतकऱ्यांच्या संताचा, सान इसिद्रोचा उत्सव छान झाला. घराघरावर दुधी, वांगी, केळ्यांचे घड टांगले होते आणि शेजारणीनं तर जिवंत कोंबडी टांगली. सगळ्या मिरवणुकीला ती शिव्या घालत होती. चर्चसमोर रेड्यांनी नेहमीसारखे गुडघे टेकले. लानियो म्हणाला, "बघ पानिंग, रेड्यालासुद्धा जमतं, तुला नाही." मी म्हटलं, "रेड्याला तुझ्या चित्रांत अक्षरं भरावी लागत नाहीत, म्हणून तो अजून देवाला मानतो."

हो, लानियो गावातच आहे. बायको गेल्यापासून मनिलातली खोली सोडून इथं आला, हे तुला मागेच लिहिलं होतं. तू त्यावर काय उत्तर पाठवलंस तेही माझ्या लक्षात आहे. या वयात असली थट्टा शोभत नाही, सिनांग.

आता माझं डोकं कशानं फिरलं ते ऐक.

नगरपालिकेनं ठरवलं की गावच्या चित्रकाराचा, म्हणजे आपल्या लानियोचा, सत्कार करायचा. उशिरा का होईना, शहाणपण सुचलं. त्याच्या चित्रकथेचं एक पान बाजाराच्या भिंतीवर मोठ्ठं रंगवायचं. पान निवडलं ते बिदायचं. तुला बिदाय आठवते ना, जमीनदाराच्या मुकादमाला माशाच्या टोपलीनं बडवणारी कोळीण? तर ती भर बाजारात टोपली उगारून उभी आहे आणि मागे दुकानांची रांग, असं ते पान. मी आनंदानं बघायला गेले. चित्र सुरेख उतरलं होतं. बिदायचा दंड तर असा, की खालून जाणारा मुकादम आजही अंग चोरेल. पण मागच्या दुकानांकडे नजर गेली आणि माझ्या हातातली छत्री खाली पडली. मधल्या दुकानाच्या पाटीवर एका बिस्किट कंपनीचं नाव होतं. लाल अक्षरात! आणि अक्षरं तरी कसली, शाळेतल्या सिस्टर बोनिफासियानं बघितली असती तर लिहिणाऱ्याची बोटं सुजली असती.

त्या पाट्यांचं तुला मी कधी सांगितलं नाही. तू परदेशी गेलीस त्यानंतरची गोष्ट आहे ती, आणि तेव्हा पत्रं कोण कोण फोडायचं ते तुला ठाऊक आहे.

लानियो चित्र काढायचा आणि मी अक्षरं भरायची, एवढंच तुला माहीत. बोलण्याचे फुगे मी भरायचे, आणि चित्रातल्या पाट्या, फलक, भिंतीवरची अक्षरं, तीही मीच. हुकूमशाही आली तेव्हा प्रत्येक पान छापण्याआधी सरकारी वाचकाकडे जायचं. तो मन लावून वाचायचा. बिदाय 'चोर' म्हणाली की काट मारायचा, 'लबाड' म्हणाली की विचारात पडायचा. पण वाचायचा फक्त फुगे. मागच्या दुकानांकडे त्यानं कधी मान वर करून पाहिलं नाही. मग लानियोनं दुकानं काढायला सुरुवात केली. ज्यांना घरातून उचलून नेलं आणि ज्यांचं नाव कुठल्याच वर्तमानपत्रात आलं नाही, त्यांच्या नावाचं एकेक दुकान. सलून, बेकरी, चपलांचं दुकान. माणूस सुटून घरी आला की पुढच्या अंकात त्याच्या दुकानाचं दार लावलेलं दाखवायचं, वर 'आज बंद'.

बायकांना ते बरोबर कळलं. कुणी सांगितलं नाही, तरी कळलं. कोपऱ्यावरच्या दुकानात दोरीला चिमट्यांनी लावलेले अंक असायचे ना, दोन नाणी देऊन बाकावर बसून वाचायचे? तिथं दर आठवड्याला आया यायच्या आणि विचारायच्या, "या खेपेला कुणाचं दुकान उघडलं?" गोष्टीत बिदायचं काय झालं हे एकीनंही विचारलं नाही. लानियोला त्याचा थोडा रागच यायचा.

तर मी वेन्सीला गाठलं. वेन्सी म्हणजे वेन्सेस्लाओ, माझाच विद्यार्थी, सांस्कृतिक समितीचा प्रमुख झालाय. शाळेत 'र' काढताना जीभ बाहेर काढायचा, अजूनही काढतो.

"हे काय लावलंय तिथं?" मी विचारलं.

"मॅम, कंपनीनं सगळा रंग दिलाय."

"मग त्यांचं नाव रंगाच्या डब्यावर लिही."

"मॅम पानिंग, तुम्ही उगाच चिडता. मूळ पानावर तिथं जुनी जाहिरातच होती. त्या काळचे देणगीदार असणार. 'ओनोफ्रे, शिंपी'. आता हे ओनोफ्रे आहेत कुठे? त्यांनी काही दिलंय का?"

सिनांग, तुला ठाऊक आहे, मला उत्तर शोधावं लागत नाही. त्या दिवशी मी नुसती छत्री मिटत राहिले.

हो. आपला ओनोफ्रे. शर्टाचं बटण कधी धड लावलं नाही, आणि मी त्याला शिंपी केलं. त्याला नेल्यानंतरच्या आठवड्यात लानियोनं ते दुकान काढलं आणि पाटी कोरी ठेवून पान माझ्यासमोर सरकवलं. मी दौत उघडली. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकी सरळ अक्षरं काढली नाहीत. पुढं आई दर आठवड्याला त्या बाकावर जाऊन बसायची. तिला वाचता येत नव्हतं, पण दार ओळखता यायचं. घरी येऊन म्हणायची, "अजून उघडं आहे गं." लानियोनं ते दुकान प्रत्येक बाजारात काढलं, मासिक बुडेपर्यंत. तू पत्रात दरवेळी लिहितेस की आपल्या भावाचं नाव कुणी कुठंच लिहिलं नाही. लिहिलं होतं, सिनांग. हजारो प्रतींत छापलं होतं.

वेन्सीला उत्तर दिलं ते मासळीवाल्या कायांगनं. ती मागे बसून मासे साफ करत होती. सुरी तशीच हातात धरून उठली. "एऽ समितीवाल्या, इकडं ये. त्या शिंप्याच्या शेजारी काय लिहिलंय?"

"पासियानो, चपला," वेन्सी म्हणाला.

"हं. पासियानो माझा नवरा. जन्मात त्यानं चप्पल विकली नाही. स्वतःच अनवाणी फिरायचा मेला. पुढच्या अंकात त्याचं दुकान बंद झालं, तेव्हा मी सगळ्या बाजाराला गोड भाताचे सुमान वाटले. आणि हे शिंप्याचं दुकान अजून बंद झालेलं नाही. कळलं? तिथं तुझी बिस्किटं विकायची नाहीत."

वेन्सीनं माझ्याकडे पाहिलं. मग पाटीकडे पाहिलं. "मॅम," तो म्हणाला, "आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही." मी म्हटलं, "मी तुला 'र' शिकवत होते. तोही आला नाही." पण बिचारा स्वतः गेला, पांढरा रंग आणला आणि ती लाल अक्षरं स्वतः पुसली. बिस्किटवाल्यांचं नाव आता भिंतीच्या टोकाला आहे, स्वच्छतागृहाच्या बाणाखाली. त्यांनी तक्रार केलेली नाही. तिथं गर्दी जास्त असते.

पाटी मी लिहिली. बांबूच्या परांचीवर चढून! खाली लानियो शिडी धरून उभा, एका हातात काठी. म्हणाला, "पडलीस तर मी झेलणार नाही, माझी कंबर गेलीये." मी म्हटलं, "तू आयुष्यात कधी काय झेललंस?" मग मी 'ओनोफ्रे, शिंपी' लिहिलं. खालून कोळिणी एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होत्या. उतरताना गुडघे वाजले, पण अक्षर वाकडं गेलं नाही. फोटो सोबत ठेवला आहे. तो तुझ्या बर्फाकडच्या खिडकीत लाव.

आता कोटाचं. तू तीन पत्रांत विचारलंस, कागद तयार आहेत, खोली तयार आहे, ताई कधी येतेस. मी हवामानाचं लिहून टाळत राहिले.

गोष्ट अशी आहे की लानियो पुन्हा काढायला लागलाय. नदीतून वाळू उपसणाऱ्यांवर. कोळिणी रोज येऊन त्याला काय काय सांगतात आणि बिदाय म्हातारी होऊन परत आली आहे, आता टोपलीऐवजी काठीनं बडवते. फुगे मी भरते. संगणकावर भरता येतात म्हणे. येऊ देत. परवा त्यानं पहिलं पान दिलं, तर कोपऱ्यात एक छोटं दुकान, बाहेर बाक, आणि पाटी कोरी.

मला रागच आला. म्हटलं, "पाट्या नेलेल्यांच्या असतात. आता कुणाला नेलं?"

"कुणाला नाही. ही राहिलेल्यांची."

"राहिलेल्यांची म्हणजे कुणाची?"

"अक्षरं तुझी. नाव तू ठरव." आणि कान लाल करून पेन्सिल तासत बसला. या वयात! पेन्सिलीचं पार कांडकं केलं.

मी दोन दिवस ते पान तसंच ठेवलं. काल सकाळी दौत उघडली.

कोट फार मऊ आहे, देवाची शपथ. आमच्या ओसरीतल्या लाकडी बाकावर घडी करून घातला आहे. संध्याकाळी तिथं दोघं बसतो. तिसऱ्याला जागा आहे, आणि ती आम्ही कोळिणींना देत नाही. डिसेंबरात ये. कागद तू तयार कर, खोली माझी तयार आहे. आणि हो, आता कर तुला करायची ती थट्टा.

तुझी ताई,
पानिंग

ता. क. पाटीवर काय लिहिलं ते विचारशीलच. 'लानियो आणि पानिंग. आल्याचा उकाळा. आत या.'