पाढा चुकला की वेणी सोडायची

आई, तुझ्यावर प्रबंध लिहिला जातोय. म्हणजे विषय तू नाहीस, विषय चांगला लांबलचक आहे, हलाखीत वाढणारी मुलं शाळेत टिकतात ती कशाच्या आधारावर, असा काहीतरी. पण त्यातलं एक अख्खं प्रकरण तुझं आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आचोळ्याच्या आपल्या बिल्डिंगमध्ये तुला ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि तिकडे तुझ्या शाळेच्या पाचूबंदरला तुझ्या आठवणी सांगायला बायका हौसेने जमतायत. हे ऐकून मला अभिमान वाटायला हवा होता. ऑफिसात मी तसंच सांगितलं, सगळ्यांनी अभिनंदनही केलं. तुला खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं नाही, चांगलं नऊ वर्षांच्या मुलीसारखं दुखलं.

संशोधन करणारी बाई पाचूबंदरचीच, कोळ्यांची मुलगी, तुझ्या शाळेतली विद्यार्थिनी. आता कॉलेजात शिकवते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. फोनवर म्हणाली, "ताई, आमच्या बाईंबद्दल थोडं बोलायचं होतं." आमच्या बाई! मी म्हटलं, "बोला ना, माझी आई होती ती." मी टोचून बोलले हे तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर तिनं दाखवलं नाही. "म्हनूनच तर तुम्हाला फोन केला," ती म्हणाली. घरच्या माणसाशी बोलावं तशी बोलत होती, जिभेवरची घरची बोली न लपवता. तू तिला त्यावरून कधी टोकलं नसणार. माझ्या तोंडातून बिल्डिंगमधल्या मुलांचा एखादा शब्द निघाला तर तुझे डोळे केवढे मोठे व्हायचे ते मला आठवतंय.

वेण्यांचं मला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. तुझ्या वर्गातल्या कोळ्यांच्या मुली मधूनमधून शाळेत यायच्याच नाहीत. कारण शोधायला तू त्यांच्या घरी गेलीस. त्यांच्या आया पहाटेच बंदरावर मासळीच्या लिलावाला जायच्या, तिथून पाट्या घेऊन बाजारात. मुलींचे केस विंचरायला घरात कुणी नसायचं. तसंच गेलं की बाकीच्या मुली सरकून बसायच्या, नाक धरायच्या, म्हणून या घरीच राहायच्या. तू कुणाला उपदेश केला नाहीस. शाळा भरायच्या आधी तासभर एका घराच्या ओटीवर जाऊन बसायला लागलीस, खोबरेल तेलाची बाटली, कंगवा, फणी आणि रिबिनी घेऊन. बाबा गमतीने म्हणायचे, मास्तरीणबाईंनी न्हावीकाम सुरू केलं. तू हसायचीस. मी हसत नव्हते.

कारण त्या तासाभरासाठी तुला पहाटेच घर सोडावं लागायचं, आणि माझी वेणी घालायला सकाळी वेळ राहायचा नाही. त्यावर तू काढलेला उपाय म्हणजे बिल्डिंगखालचं सलून. पुरुषांचं सलून, आई. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून न्हावी मला त्यावर बसवतोय, शेजारच्या खुर्चीत कुणाचीतरी दाढी चाललीय, आणि तू मागे बाकावर बसून वह्या तपासतेयस. "अजून थोडे कमी करा," तू मान वर न करता सांगतेस. त्या वर्षांत माझ्या केसांवर कुणाचा हात फिरला असेल तर तो त्या न्हाव्याचा. शाळेत मला सगळी मुलं बाब्या म्हणायची.

रविवारी दुपारी रिबिनीचं काम असायचं. होळी बाजारातून भाजी घेऊन येताना तू लाल रिबिनीचं बंडल आणायचीस आणि मला सारखे तुकडे करायला बसवायचीस. टोकं उसवू नयेत म्हणून एकेक टोक मेणबत्तीवरून झरकन फिरवायचं. मला ते छान जमायचं. माझ्या डोक्यावर रिबीन राहील एवढे केस नव्हते, पण गावभरच्या मुलींच्या रिबिनी मी जाळून दिल्यात. एकदा मी त्यातला एक तुकडा आणि कंगवा घेऊन तुझ्यासमोर पाठ करून बसले. तू डाळ निवडत होतीस. "काय गं?" "माझी पण वेणी घाल." तू माझ्या मानेवरून नुसती नजर टाकलीस. "एवढ्याशा केसांची वेणी कशी घालू? आणि तुला काय कमी आहे? त्यांना कुणी नाही म्हणून जाते मी." तुझं म्हणणं बरोबरच होतं. तुझं नेहमी बरोबरच असायचं, त्यामुळे रडायलाही कारण मिळायचं नाही. वेणी मिळाली नाही, उवा मात्र मिळाल्या. तिकडच्या उवा तुझ्या डोक्यातून माझ्या डोक्यात आल्या आणि मला पुन्हा त्या फळीवर बसवलं गेलं.

तर मी परवाच्या रविवारी पाचूबंदरला गेले. नाही म्हणणार होते, पण तुझ्याबद्दल तिला काय काय माहीत आहे हे ऐकल्याशिवाय मला चैन पडेना. होड्या वर ओढलेल्या, वाळत घातलेले बोंबील, आणि वेण्यांची ती ओटी, तिच्याच घराची, आता लाद्या घातलेली. तिची म्हातारी आई दारात बसली होती. "कोन? बाईंची पोर? मंग भायेर का उभी? आत ये ना," म्हणाली. मुलीनं मला चहा दिला, मोबाईल रेकॉर्डिंगला लावला. मनात मी ठरवून गेले होते की विचारलं तर स्पष्ट सांगायचं. लिहा म्हणावं तुमच्या प्रबंधात, बाई जगाच्या होत्या, घरच्या नव्हत्या.

पण आधी तीच बोलत राहिली. तिला मार्गदर्शन करणारे सर म्हणतात की शिष्यवृत्ती, वह्या-पुस्तकं, खिचडी, हे आधार समजण्यासारखे आहेत, वेणी कुठल्या रकान्यात टाकणार? "पन ताई, मी ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्या आधी वेणीचंच सांगतात," ती म्हणाली. मग तिनं मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. तू वेणी घालताना पाढे म्हणून घ्यायचीस. पाढा बरोबर आला तर रिबीन बांधून मोकळं करायचीस, आणि चुकला की तेवढी वेणी सोडून परत पहिल्यापासून. शिक्षाच होती ती तुझी. ती हसायला लागली. "आम्ही सगळ्या मुद्दाम चुकायचो. मला सातचा पाढा झोपेत यायचा, पन सात आठेला आलं की मी अडकायची. बाई सोडायच्या, परत तेल लावायच्या, परत भांग पाडायच्या. घरी कोन एवढा वेळ हात लावतंय डोक्याला?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मला आपलं स्वयंपाकघर आठवत होतं. तू पोळ्या लाटतेयस, मी दाराच्या चौकटीला टेकून पाढे म्हणतेय, सातचा, तेराचा, एकोणीसचा. एकदाही अडले नाही मी. निदान तेवढ्यानं तरी तू मागे वळून बघशील म्हणून सगळे पाठ केले होते. तू तव्यावरची पोळी उलटून म्हणायचीस, "हं, जा आता खेळायला." पुढे हिशेबाच्या नोकरीत ते सगळं कामाला आलं, ही गोष्ट वेगळी.

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "माझ्याबद्दल काही बोलायची का आई?" ती जरा अवघडली. "बोलायच्या ना. कोनी चुकलं की म्हनायच्या, माझी पोर घरी बघा, एकदापन चुकत नाही. खूप कौतुक होतं त्यांना. आम्हाला इतका राग यायचा तुमचा! आम्ही म्हनायचो, ती कसली शहानी, तिला कळत नाही का चुकायचं?"

आई, हे तुला आपल्या स्वयंपाकघरात एकदा म्हणता आलं नसतं? तिथे गावभर सांगितलंस आणि मला पाठवलंस खेळायला. त्या पोरींच्या केसांवर तुझा हात आणि माझ्या वाट्याला तुझं कौतुक, तेही त्यांच्याच कानांत ठेवलेलं. तुझा मला मनापासून राग आला, आणि तिचा तर त्याहून जास्त. बाकी ठरवून आणलेलं सगळं बोलायचं राहूनच गेलं. मी एवढंच म्हटलं, "माझी वेणी तिनं कधीच घातली नाही. हे लिहायचं असेल तर लिहा." तिनं लिहून घेतलं नाही. मोबाईल बंद केला, माझ्या केसांकडे बघितलं. केस आता पाठीपर्यंत आहेत, तू गेल्यावर वाढवले, पण वेणी मला खांद्यावरून पुढे घेऊनच घालता येते आणि ती वाकडी होते, म्हणून क्लिप लावून टाकते. "बसा," ती म्हणाली. मी नको नको म्हणत खाली बसले.

तिनं तेल लावलं. कंगव्याच्या टोकाने कपाळापासून मागेपर्यंत रेघ ओढली, मान खाली दाबली, कानामागचे केस असे ओढले की डोळ्यांत पाणी आलं. "बाई अशाच ओढायच्या," म्हणाली. "घट्ट. दिवसभर सुटता कामा नये." हात तिचा होता, पण शिकवलेला तुझा होता, आणि मी तो उसना घेत होते. तिच्याकडून घ्यायचा म्हणून आत कुठेतरी जळतच होते. तरी मान हलवली नाही. वेणी अर्ध्यावर आल्यावर ती हसत म्हणाली, "हं, म्हना सातचा."

मी सुरू केलं. सात एके सात, सात दुणे चौदा. ओटीवर म्हातारी ऐकत होती. सात सक बेचाळीस, सात साते एकोणपन्नास. मग मी म्हटलं, सात आठे चोपन्न.

"चुकलं," तिनं म्हटलं, अगदी तुझ्यासारखं, आणि सगळी वेणी सोडून पुन्हा भांगापासून सुरुवात केली. तिला वाटलं, वयामुळे विसरले असेन. मीही तसंच दाखवलं. प्रबंधात हे येणार नाही, आणि हे पत्र तर तुला मिळणारच नाही, म्हणून सांगते. मी मुद्दाम चुकले, आई. दुसऱ्यांदाही.