धुतलेली गोधडी

सोमवार
आले बाई एकदाची! बाळंतपण होईपर्यंत सासूबाईंकडेच राहायचं ठरलंय. नवरा मला सोडून कामावर परत गेला. खोली मस्त आहे, खिडकीखाली शिलाई मशीन, शेजारी इस्त्री. पोटातलं पोर प्रवासभर लाथा झाडत होतं. सासूबाई त्याच्यासाठी घराण्याच्या नक्षीची गोधडी करणार आहेत: मध्ये लाल चौकोन, त्याभोवती पट्ट्या फिरवत न्यायच्या, दोन बाजू फिकट, दोन गडद. कागदावर आखणी मी केली. हात साफ आहे गं तुझा, म्हणाल्या. आपली कॉलर ताठ!

मंगळवार
पट्ट्यांचं गाठोडं सोडलं आणि शी! या घरात होऊन गेलेल्या बायकांच्या कपड्यांतून कापलेल्या, त्याही नेमक्या काखेतल्या. पिवळे डाग, वाळून कडक झालेला घाम, आंबट वास. सासूबाई म्हणाल्या, आपल्याकडे रीतच आहे, यांना पाणी लावायचं नाही. का ते विचारलं, तर हसून सुई ओवायला लागल्या. माझ्या तान्ह्याच्या अंगावर हे? अजिबात नाही.

बुधवार
सासूबाई बाजारात गेल्या तेवढ्यात गाठोडं बादलीत टाकलं. कढत पाणी, भरपूर साबण. पाण्यावर चरबीसारखी साय धरली, मला ओकारीच आली. पण पट्ट्या निघाल्या कशा लख्ख! वाळवून, इस्त्री करून लाल चौकोनाभोवती जोडायलाही घेतल्या. सासूबाई आल्या, एक पट्टी हुंगली आणि हातातली पिशवी टाकून बाकीच्याही हुंगत सुटल्या. म्हणाल्या, आपापल्या अंगाचा वास होता म्हणून त्या बायका गप्प होत्या, आता दुसरं अंग शोधतील. म्हटलं, काहीतरीच तुमचं!

शुक्रवार
गोधडी मीच जोडून पुरी केली, पण हाताला ओली लागते. इस्त्री फिरवली तर केस जळाल्याची घाण सुटली. शिवणीतून पिवळट, चिकट काहीतरी झिरपतंय. घासून घासून हात लाल झाले, नखांतून ते जाईना. आणि एवढ्या उकाड्यात मला घामच येत नाही. माझ्या काखा अगदी कोरड्या ठाक.

शनिवार
फिकट पट्ट्यांवर लव आलीय. माझ्या हातांवरची गेली. घास गिळवत नाही. नवऱ्याला फोन केला, तर म्हणाला डोहाळे असतील. डोंबलाचे डोहाळे!

रविवार
गोधडी जाळून टाकते म्हटलं. सासूबाईंनी हात धरला. म्हणाल्या, तुझं जे घेतलंय ते आता तिच्यात आहे, जाळलंस तर तेही जाईल.

सकाळपासून पोर हललं नाही. पोट गार. आणि गोधडीचा लाल चौकोन आतून उचलला गेला. पुन्हा. ही माझ्या पोराची लाथ. मी ओळखते.

सोमवार
पोर परत हवं असेल तर गोधडी अंगाला लावून घे, सासूबाई म्हणतात. रडत रडत म्हणतात. ते ओलं, केसाळ — शी, नको, नको — पण पोर माझं —

गुंडाळली पोटाला. गिळगिळीत. ओकले तिच्यावरच. तिनं ते शोषून घेतलं, डागसुद्धा —

लाथ! आत. माझ्या आत. आलं गं बाई, आलं माझं —

पण ती सुटत नाही. ओढली तर कातडी ओढली जाते.

आणि आता किळस येत नाही. यायला हवी ना? ऊब वाटते. हात हलका, पातळ, पेन नीट धरवत —

सासूबाई सुई ओवून जवळ बसल्यात. डोळे पुसत म्हणतात, हलू नकोस, बाळ तरी राहील, एवढी तुझी एक पट्टी जोडू दे, आधी काखेकडून —