नऊ दिवसांचा केर

लेंबाता बेट, दक्षिण किनारा
बुधवार, संध्याकाळची जपमाळ झाल्यावर

तीर्थस्वरूप पेनी वन्सं,

धाकटी भावजय केवा हिचा तुमच्या पायांशी नमस्कार. माता मरियमेची कृपा तुमच्यावर, तुमच्या यजमानांवर आणि विशेष करून तुमच्या उजव्या गुडघ्यावर असो. गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकत जा, आणि तेच मीठ पुन्हा वापरलं तरी चालतं. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे डुकरं ठीक आहेत, मका ठीक आहे. तुमचे भाऊ बांबूच्या तराफ्यावर बसून समोर तिमोरला गेले, ते तीन दिवसांत पोचणार होते. आज नववा दिवस. काही कळलेलं नाही. (ईस्टरला तुम्ही आलात तेव्हा जे झालं, त्याबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही.)

तुम्ही विचाराल, घरात चांगली होडी असताना माणूस तराफ्यावर कशाला बसतो. तर गावामागच्या गुहेत दोन वर्षं जावाचे एक डॉक्टर विर्योनो खणत आहेत. (औषधाचे डॉक्टर नव्हेत. मी त्यांना तुमचा गुडघा विचारून पाहिला.) त्यांना तिथे खोल पाण्यातल्या माशांची हाडं आणि शिंपल्याचा एक गळ सापडला. सगळं हजारो वर्षांपूर्वीचं. त्या काळी समुद्र पुष्कळ खाली होता म्हणे, किनारा पार खडकांच्या पलीकडे, आणि माझी चूल आहे ती जागा म्हणजे डोंगराची उतरण. हे ऐकून कोपोंग आजोबांनी लगेच विचारलं, "मग ती बुडालेली जमीन आमच्या कुळाची की वरच्या आळीची?" दोन्ही आळ्या अजून धुसफुसत आहेत. पण समुद्र कितीही खाली गेला तरी आमच्या आणि तिमोरच्या मधलं पाणी कधी आटलं नव्हतं. म्हणजे माणसं कशावर तरी बसूनच ये-जा करत असणार. ते कशावर, हे कोणाला माहीत नाही, कारण लाकूड कुजतं. म्हणून डॉक्टरांना दगडी कुऱ्हाडीने बांबू तोडून तराफा करायचा होता, आणि तो तिमोरला पोचवून दाखवायचा होता. बांबू हा शब्द कानावर पडल्यावर तुमचे भाऊ घरात बसतात होय? "बांबूचं मला कोण शिकवणार?" म्हणाले, आणि आणखी चौघांना घेऊन गेले. मला विचारलं नाही. डॉक्टर सांगतात की त्या जुन्या लोकांनी बायकांनाही बरोबर नेलं असणार, नाहीतर पलीकडे वस्ती झाली कशी. ते लोक आमच्यापेक्षा बरे म्हणायचे.

खिळा नाही, दोर वेलींचे, पाणी बांबूच्या नळ्यांत. प्लास्टिकचा डबा मी दोनदा ठेवला, डॉक्टरांनी दोनदा काढला. जपमाळही प्लास्टिकची म्हणून काढायला लावली. मी ती पुन्हा यांच्या लुंगीच्या गाठीत बांधली, याचं मला पाप लागणार नाही असं वाटतं. मक्याचे पोहे आणि सुकट चार दिवसांची. मी मॅट्रिक झालेली आहे, डॉक्टरांच्या आकड्यांचा गुणाकार करून पाहिला तर पाच दिवस येत होते. तसं सांगितलं, तर तुमचे भाऊ म्हणाले, "त्या काळी गुणाकार नव्हता." मागून डॉक्टरांची मोटरबोट होती. दुसऱ्याच दिवशी तिचं यंत्र बंद पडलं आणि कोळ्यांनी ती ओढत परत आणली, डॉक्टरांसकट. आता ते माझ्या ओसरीवर दुर्बीण लावून बसतात आणि दोन वेळा जेवतात.

माणूस समुद्रावर असताना घरच्या बाईने काय पाळायचं, ते सासूबाईंनी तुम्हाला आणि मला सारखंच शिकवलेलं आहे. केर काढायचा नाही, पेटी उघडायची नाही, आणि मनात भांडण ठेवायचं नाही. फादर म्हणाले, "केवाबाई, देवाचा केराशी काही संबंध नाही." मी म्हटलं, "नाही, फादर," आणि केर काढला नाही. तीन दिवसांचा केर काय, कोणीही सोसेल. नऊ दिवसांच्या केरात कोंबडीने काल घातलेलं अंडं मला आज सापडलं. त्यात पाचव्या दिवशी डॉक्टरांनी, पाहुणा म्हणून फुकट कशाला खायचं अशा भल्या विचाराने, अर्धी ओसरी झाडून टाकली. मी तो केर सुपात भरून परत आणला आणि जिथला तिथे पसरला. ते बघत राहिले. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

सातव्या दिवशी होडीवाल्यांच्या कुळातली तुतो आजी काठी टेकत आली आणि म्हणाली, कोणाचं तरी भांडण तराफ्याला धरून बसलंय. झालं. पाच घरच्या पाच बाया आपापली भांडणं शोधायला लागल्या. बारेक आणि तिची जाऊ सहा वर्षांनी बोलल्या (आणि बोलता बोलता पुन्हा भांडल्या, मग पुन्हा मिटवलं). ओसेने शेजारणीचा चोरलेला फणस कबूल केला, तो फणस शेजारणीला माहीतसुद्धा नव्हता. तराफा काही आला नाही. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"तुझं गं?" आजी.

"माझं कोणाशी नाही, आजी."

"नणंदेशी?"

"त्या लारांतुकाला असतात."

"कुठे असतात ते विचारलं का मी तुला?"

मी सांगितलं की डाळ चुलीवर आहे, आणि आत आले. डाळ नव्हती.

मेणबत्त्या तीन दिवसांच्या तीन आणल्या होत्या. आता एकेक बोटभर जाळते आणि प्रार्थनाही तेवढीच आखूड करते. काल डॉक्टरांना विचारलं, की त्या जुन्या लोकांतले सगळे पोचले का हो? त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. मग म्हणाले, "ताई, जे पोचले त्यांचीच हाडं आम्हाला सापडतात." खरं बोलले, म्हणून त्यांना रात्री मासा जास्त वाढला. पण तेव्हापासून मनात येतं, की त्यांच्याही बाया अशाच किनाऱ्यावर बसल्या असतील, आणि तो किनाराही आता पाण्याखाली आहे. त्यांचं काही सापडणार नाही.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद सांगा. गुडघा सांभाळा.

तुमची,
केवा

ता. क. सासूबाईंचं हाताने विणलेलं कापड उंदरांनी खाल्लं असं मी ईस्टरला मरियमेच्या तसबिरीपुढे सांगितलं, आणि तुम्ही जेवण टाकून उठून गेलात. ते खोटं होतं. कापड माझ्या पेटीत होतं. तुम्हाला भरलेलं घर आहे, एक कापड मला असावं, असं वाटलं होतं.

ता. क. भांडण मिटवायचं तर पेटी उघडायला हवी, आणि पेटी उघडायची तर हे घरी यायला हवेत. दोन दिवस यावरच विचार केला. आज उघडली. कापड पत्राबरोबर उद्याच्या बोटीने फादरांच्या आचाऱ्याच्या हाती पाठवते आहे. मिळाल्याबरोबर, चहा घेण्याच्याही आधी, समुद्राकडे तोंड करून मोठ्याने म्हणा की केवाशी माझं काही नाही. मनात नसलं तरी म्हणा. मनातलं मागाहून बघू.

ता. क. घडी मोडली तर एक कोपरा उंदरांनी खरंच कुरतडलेला निघाला. तो आधीचा की आताचा ते मला सांगता येणार नाही. रागावू नका, निदान बोट तिथे पोचेल त्या दिवशी तरी.

केर अजून तसाच आहे.