डाव्या बाजूला एक थाप

बारक्या,

बाबांचा कॉम्प्युटर काही सुरू झाला नाही. ते गेल्यापासून आईचं एकच चाललंय, त्यातले फोटो काढून द्या. म्हणून सकाळपासून झटतेय. प्लग बदलला, रॅम काढून खोडरबरने घासून परत बसवली, आतली मूठभर धूळ काढली. तरी ढिम्म. शेवटी बाबा मारायचे तशी डाव्या बाजूला थापही मारून पाहिली. इतकी वर्षं तो त्या थापेवरच चालला, पण माझ्या हाताला गुण नाही.

मग वायरच गेली असेल म्हणून ती काढून पिशवीत टाकली, दुकानात दाखवायला. चपला घालत होते, तेवढ्यात त्यांच्या खोलीतून थाप ऐकू आली. एकच. आणि कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला. आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी दारातूनच पाहिलं, हिरवा दिवा लागला होता. वायर तेव्हाही माझ्या पिशवीत होती, आत्ताही आहे.

आईला घेऊन मावशीकडे जातेय. तिला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. जेवण झाकून ठेवलंय.

तू येशील तेव्हा घरघर चालू असली तर बटणाला हात लावू नकोस. शेवटच्या दिवशी तू त्यांच्यावर ओरडलास, ‘तो डबा फेका एकदाचा’ म्हणून, आणि नंतर बोलायचं राहूनच गेलं. आज काय ते बोलून घे.

पलंगावर बस. खुर्चीवर नको.

ताई