पाठमोऱ्या माणसाचा चेहरा

मी, हार्लन पीबडी, वय त्रेसष्ट, राहणार न्यूहॉल, कॅलिफोर्निया, धंदा घोड्यावरून पडणे (आता बंद), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो ते असे. पडद्यावर मी शंभरेक वेळा मेलो आहे, तेव्हा अनुभव दांडगा आहे. मृत्युपत्राचा कागद मात्र पहिल्यांदाच करतो आहे.

घर आणि मागचा तबेला माझी मुलगी ओपल हिला. छप्पर गळते, हे तिला ठाऊक आहे.

घोडे सांभाळणारा माझा मित्र फ्लॉइड यान्सी यास काहीही नाही. वकील म्हणतात, साक्षीदाराला काही ठेवू नये. वीस वर्षे त्याचा माझ्या खोगिरावर डोळा होता, म्हणून खोगीर हवे की साक्ष, असे मी त्यालाच विचारले. साक्ष म्हणाला. तेव्हा खोगीरही ओपललाच.

पांढरी टोपी नायक डॅश कॅलोवे यांना परत. आमचे चित्रपट सहा दिवसांत उरकत. सकाळी त्यांचे कपडे घालून त्यांच्या जागी मी उड्या मारी, जेवणानंतर काळी टोपी घालून दरोडेखोर होई. एका चित्रपटात मी स्वतःलाच गोळी घातली आहे. कॅलोवेसाहेब तेव्हा सावलीत भांग पाडत होते.

उरला पत्र्याचा डबा. त्यात फिल्मचा तुकडा आहे. आमचा नियम एकच, कॅमेऱ्याकडे पाठ. पण एका उडीत बिस्किट नावाची घोडी अडखळली. तिचा पाय मोडला की काय म्हणून मी वळून पाहिले आणि चेहरा दिसला. पुन्हा चित्रण करणे परवडणारे नव्हते. निर्माते म्हणाले, "कोण बघतंय?"

नऊ वर्षांच्या ओपलने बघितले. भरल्या थिएटरात उभी राहून म्हणाली, "ते माझे पप्पा आहेत." पोरे हसली. बाहेर तिच्या शाळेतल्या बाईंनी मला विचारले, हे खरे का. कॅलोवे शेजारीच सह्या देत होते. मी म्हणालो, "छे हो, काहीतरीच बोलते पोरगी."

नोकरी टिकली. ओपलला शाळेत वर्षभर थापाडी म्हणत. माझ्याबरोबर ती पुन्हा सिनेमाला आली नाही. याची मला अजून लाज वाटते.

डबा ओपलला. दफनानंतर तो तुकडा सर्वांना दाखवावा, कॅलोवे आल्यास पहिल्या रांगेत बसवावे, आणि पुढचे मोठ्याने वाचावे: ओपल, तो मीच होतो. तू खरं बोललीस. थाप मी मारली.

न्यूहॉल, ९ मार्च १९६१
सही: हार्लन पीबडी

साक्षीदार:
१. एडना क्रेब्स, शेजारीण. सही माझ्यासमोर झाली.
२. फ्लॉइड यान्सी. सही माझ्यासमोर झाली. उडीही माझ्यासमोर झाली. बिस्किटला मीच उठवले. चेहरा यांचाच होता.